भदयान

टेम्पोच्या कपाळावर चार अक्षरं, ती म्हणाली,
पिवळी, मागे काळी छाया.
विटाव्याच्या पुलाखालून वर चढताना
समोरच्याला दिसली पाहिजेत.

मी भाव सांगितला. अक्षराला पन्नास,
जोडाक्षराला वीस वर.
तिने वहीचं पान फाडून दिलं: भद्रयान.

तिचे वडील, सोनू गमरे, चाकावर पाय ठेवून उभे.
जुना टेम्पो, नवा हप्ता.
'यान म्हणजे ते चंद्रावर जातं ते?'
'वाहन, पप्पा. आणि वाटसुद्धा.'
'रस्ता नि टेम्पो एकच?
मग खड्डा लागला तर शिव्या कुणाला घालायच्या?'

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ऐकत होतो.
प्रज्वला ठाण्याला कॉलेजात पाली शिकते.
येऊरच्या डोंगरापलीकडे, म्हणाली, कान्हेरीला
भिंतीवर हे नाव कोरलंय.
भिक्खूंचा एक संप्रदाय. लेणी त्यांना दान दिलेली,
देणाऱ्यांत आपले कल्याणवालेही.
भद्र म्हणजे भलं. कल्याण म्हणजे तरी काय?
भल्याने भल्याला दिलं
नि पाणी प्यायला टाकं खोदलं.

मी म्हटलं, आमचा चुलतभाऊ भादरतो, कळव्याला, खुर्ची आहे त्याची.
हसेल असं वाटलं होतं.
ती म्हणाली, तेही त्याच मुळातलं म्हणतात.
मुंडन ते भद्र.
माझा हात आपोआप टकलावर गेला.

'पण नाव ठेवलं कुणी?' गमऱ्यांनी विचारलं.
कुणी म्हणतं भद्र नावाचे आचार्य होते, त्यांची शिष्यमंडळी.
कुणी म्हणतं नाही, भली वाट, एवढंच.
मूळ संघातून फुटले ते
एका गाथेच्या अर्थावरून.
एक गाथा, चार अर्थ, चार संप्रदाय.
'चारच?' गमरे म्हणाले.
'आमच्या गल्लीत एक विहार नि जयंतीची मंडळं पाच.'
मग बराच वेळ गप्प. मग,
'आपलं गमरे तरी कुठून आलं, कुणाला ठाऊक?
माझा बाप विचारायच्या आत गेला.'

दुपारी ऊन पत्र्यावरून उलटं तोंडावर येत होतं.
भ बसला. द बसला.
द च्या पायाशी वायपरचा बोल्ट.
र ची तिरकी रेघ काढायला जागाच नाही.
बोल्ट काढावा तर गंजलेला,
रेघ वर घ्यावी तर द लंगडा.
मी तसाच पुढे गेलो. या. न.
लांबून बघितलं:
भदयान.

चूक कबूल करायला मला वेळ लागतो.
ती वाचून थांबली. मी चिंधी उचललीच होती.
'राहू द्या,' म्हणाली,
'तिथेही भदच आहे. भदायनीय.
दगडावर र नाहीच.'

बोलीतच नव्हता म्हणे तेव्हा.
असेल. मी पाली शिकलो नाही.
मला तो दिसला, छिन्नीवाला,
त्यालाही अक्षराचे पैसे,
त्यालाही कातळात मध्येच एखादी कठीण गाठ,
आणि त्याच्याकडे चिंधी नाही.
त्याने काय लिहिलं ते त्याला वाचता येत होतं का?
माझ्या बापाला येत नव्हतं.
मढवी पेंटर, सगळ्या खाडीकाठी बोर्ड त्याचे,
आणि अक्षरं तो चित्रासारखी बघून काढायचा.

वीस रुपये परत केले. जोडाक्षर झालंच नाही.
गमऱ्यांनी ते घेतले नाहीत,
चहा सांगितला, तीन कटिंग.

आता दिसतो अधूनमधून,
वाशीच्या मार्केटमधून कांद्याच्या गोणी घेऊन
दिघ्याकडे वळताना.
परवा सिग्नलला हवालदाराने विचारलं,
'भदयान? ही कुठली कंपनी?'
गमरे म्हणाले, 'जुनी आहे.'